कीटकनाशकाने आलेल्या फिट्स थांबल्या म्हणजे मेंदू वाचला का? उंदरांवरच्या कामाबद्दल विचारायचंय

कपाशीची_लेक · रविवार, रात्री ११:१२

नमस्कार सगळ्यांना. मी एमफार्म फार्मकॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मूळची यवतमाळ जिल्ह्यातली, सध्या परळला अजून दोघींबरोबर रूम घेऊन राहते. प्रोजेक्टचा विषय ठरवायचाय आणि मॅडमनी दोन पर्याय दिलेत, एक डायबिटीसचा नेहमीचा, आणि दुसरा म्हणजे ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकांमुळे ज्या फिट्स येतात त्यात मेंदूचं रक्षण कसं करता येईल, रॅट मॉडेल वापरून. दुसरा ऐकला आणि मी दोन दिवस नीट झोपलेच नाहीये, का ते सांगते.

आमच्याकडे कीटकनाशकाला कोणी कीटकनाशक म्हणत नाही, औषधच म्हणतात. बाबा औषध मारायला गेलेत म्हणजे फवारणीला गेलेत, आणि कोणी पिऊन जीव दिला तरी त्याने औषध घेतलं एवढंच म्हणतात. पाच वर्षांपूर्वी माझा मामेभाऊ, तेव्हा आठ वर्षांचा होता, त्याने गोठ्यात कोल्ड्रिंकच्या बाटलीत ठेवलेलं उरलेलं औषध दोन घोट प्यायलं. मी सुट्टीत तिथेच होते. तोंडातून लाळ, अंग घामाने ओलंचिंब, उलटी, कपड्यातच सगळं, आणि मग फिट सुरू झाली ती थांबायलाच तयार नाही. मोटरसायकलवर मामा आणि शेजारच्या दादाच्या मध्ये त्याला धरून तालुक्याला नेलं, तिथून जिल्ह्याला पाठवलं, पहिलं इंजेक्शन मिळेपर्यंत दीड तास गेला. वाचला तो. पण आता तेरा वर्षांचा आहे, वर्षातून दोन-तीनदा फिट येते, आणि आधी पाढे घडाघडा म्हणायचा तो पोरगा आता दुकानात काय आणायला पाठवलं ते वाटेत विसरतो. मामी म्हणते औषधाने डोकं जाळलं त्याचं.

तर माझे प्रश्न असे. डायझेपाम दिलं की फिट थांबते असं आम्हाला शिकवलंय, मग थांबल्यावर 'मेंदूचं रक्षण' म्हणजे नेमकं कशापासून करायचं? दुसरं, उंदराला मुद्दाम फिट आणायची हे मला जमेल का, आणि त्यातून खरंच भावासारख्या पोरांना काही मिळतं का, की नुसते पेपर निघतात? आणि तिसरं, मुंबईत कॉलेजच्या लॅबमध्ये हे करता येतं का? माहिती असेल त्यांनी मोकळेपणाने सांगा, बरंवाईट काहीही चालेल.

---

रात्रपाळी_आयसीयू · सोमवार, पहाटे ४:३५

ताई, ड्युटीवरून लिहितेय त्यामुळे तुटक होईल. मी मेडिसिनची रेसिडेंट, मुंबईतल्याच एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात. इथे शेती नाही म्हणून पॉयझनिंग येत नाही असं लोकांना वाटतं, पण पालघर, शहापूर, रायगडकडून येतात, शिवाय ढेकणाचं, झुरळाचं औषध घरोघर असतंच.

आधी भावाबद्दल. त्याचं वय इथे फार महत्त्वाचं आहे. मोठ्या माणसाने शेतीतलं ऑर्गॅनोफॉस्फेट घेतलं तर फिट येतेच असं नाही, आमच्या बहुतेक पेशंटना ती येत नाही, ते श्वासाने जातात. छातीत पाणी भरल्यासारखा स्राव, श्वासाचे स्नायू लुळे, आणि मेंदूतलं श्वासाचं केंद्र दबलेलं, असं तिन्हीकडून. लहान मुलांत मात्र फिट्स जास्त दिसतात. नर्व्ह गॅसमध्ये फिट्स सगळ्यात ठळक, आणि ती रसायनं याच कुळातली, १९३६ साली जर्मनीत श्राडर नावाचा केमिस्ट किडे मारायचं औषध शोधत होता तेव्हा त्याला टॅबून सापडलं, म्हणजे शेतातली बाटली आणि युद्धातला गॅस सख्खे चुलत आहेत. हे सांगतेय कारण उंदरांवरचं जे काम तू वाचशील त्यातला खूपसा पैसा त्या दुसऱ्या भीतीतून आलेला आहे, १९९५ मध्ये टोकियोच्या मेट्रोत सरिन सोडलं गेलं त्यानंतर तर फारच. फायदा शेतकऱ्याच्या पोरालाही होऊ शकतो, पण प्रश्न त्याच्यासाठी विचारले गेलेले नसतात, हे लक्षात ठेवून वाच.

वॉर्डात आम्ही काय करतो ते सांगते. आधी श्वास, ऑक्सिजन, सक्शन, कपडे काढून अंग धुणं. मग अॅट्रोपिन, दर पाच मिनिटांनी डोस दुप्पट करत, छाती कोरडी वाजेपर्यंत आणि नाडी-बीपी जागेवर येईपर्यंत. मग पाम म्हणजे प्रॅलिडॉक्सिम, विषाने बंद पाडलेलं एन्झाइम परत चालू करणारं औषध, ज्यावर अजून एकमत नाही. बारामतीत २०० पेशंटवर झालेला अभ्यास २००६ मध्ये लॅन्सेटमध्ये आला, त्यात सतत इन्फ्युजनने दिलेलं पाम फायद्याचं ठरलं. २००९ मध्ये श्रीलंकेच्या अभ्यासात काही फायदा दिसला नाही. दोन्ही चांगले अभ्यास. आणि फिट आली तर डायझेपाम, लोराझेपाम किंवा मिडाझोलाम.

आता तुझा खरा प्रश्न. पेशंट व्हेंटिलेटरवर आहे, विषानेच स्नायू लुळे पडलेत किंवा ट्यूब घालताना आम्ही रिलॅक्संट दिलंय. हातपाय हलत नाहीत. नातेवाईक म्हणतात मॅडम फिट थांबली. मला खरंच माहीत नसतं थांबली का ते. मेंदूत चालू असेल तर बाहेरून काहीही दिसणार नाही, ते कळायला ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लाटांची नोंद, लावून ठेवावा लागतो आणि रात्री तीन वाजता तो मिळेलच असं नाही. मला या विषयात सगळ्यात जास्त झोप उडवणारी गोष्ट हीच आहे. घंटा वाजली, जाते.

---

घाटकोपरचा_न्यूरॉन · सोमवार, दुपारी २:०८

वरच्या मॅडमनी शेवटी जे लिहिलंय तिथूनच सुरू करतो. मी एपिलेप्सीवर पीएचडी केली, सहा वर्षं रॅटच्या डोक्यावर इलेक्ट्रोड बसवून ईईजी वाचले. फिट थांबणं आणि मेंदू वाचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला पुस्तकातून कळलं नव्हतं, स्क्रीनवर बघून कळलं. पिंजऱ्यात रॅट शांत पडलेला, मिशीसुद्धा हलत नाही, आणि ईईजीवर काटेरी लाटा अखंड चालू.

मुळापासून सांगतो, थोडं लांबेल. ऑर्गॅनोफॉस्फेट अॅसिटिलकोलिनएस्टरेज हे एन्झाइम बंद पाडतं, त्यामुळे अॅसिटिलकोलिन, म्हणजे पेशींमध्ये निरोप पोचवणारं रसायन, साठत जातं. फिट पेटते ती यामुळे. पण पेटल्यानंतर ती त्याच्यावर अवलंबून राहत नाही, इथेच सगळी गोची आहे. १९९७ मध्ये अमेरिकन लष्कराच्या संशोधकांनी याचे तीन टप्पे मांडले होते आणि आजही लोक त्याच चौकटीत विचार करतात. पहिली काही मिनिटं खेळ अॅसिटिलकोलिनचा, तेव्हा त्याला अडवणारं अॅट्रोपिनसारखं औषध मेंदूत पोचलं तर फिट विझते. मग मिश्र टप्पा, आणि साधारण चाळीस मिनिटांनंतर ग्लुटामेटने, म्हणजे पेशींना चेतवणाऱ्या रसायनाने, ताबा घेतलेला असतो, त्याच्या एनएमडीए रिसेप्टरमधून, म्हणजे पेशीवरच्या दारातून, कॅल्शियम आत घुसत राहतं, पेशी मरायला लागतात. तेव्हा अॅट्रोपिन कितीही ओता, छाती कोरडी होईल, मेंदू पेटलेलाच राहील.

मग डायझेपाम का नाही पुरत? डायझेपाम स्वतः काही थांबवत नाही, ते गाबाच्या, म्हणजे मेंदू शांत ठेवणाऱ्या रसायनाच्या, रिसेप्टरवर बसून गाबाचं काम जोरात करून देतं. पण फिट लांबली की पेशी हे रिसेप्टर पृष्ठभागावरून आत ओढून घेते. बंद पुकारल्यावर दादरला दुकानदार भराभर शटर ओढतात ना, तसं. मग डायझेपामने बाहेरून कितीही ठोठावलं तरी उघडायला दुकानच नाही. आकडाच सांगतो, १९९७ मध्येच लिथियम-पिलोकार्पिन ही फिट आणणारी जोडी दिलेल्या रॅट्सवर बघितलं गेलं, फिट सुरू झाल्यावर १० मिनिटांनी दिलं तर निम्म्या रॅट्सची फिट थांबवायला डायझेपाम किलोला ४.२ मिलिग्रॅम लागलं, ४५ मिनिटांनी दिलं तर ४०. जवळजवळ दहापट. तेवढं माणसाला दिलं तर श्वासच थांबेल. तुझ्या भावाला दीड तास लागला होता. दोष कोणाचा म्हणून नाही सांगत, मामाने जे करता येईल ते केलं, पण घड्याळ काय करतं हे कळावं म्हणून.

म्हणून या क्षेत्रातले चांगले अभ्यास औषध मुद्दाम उशिरा देतात, चाळीस मिनिटांनी, एक तासाने, दोन तासांनी. विष देण्याआधी औषध देऊन 'बघा मेंदू वाचला' म्हणणारे पेपर तुला ढीगभर मिळतील, हळद, ब्राह्मी, अश्वगंधा, सगळ्यांवर आहेत. माझं स्पष्ट मत, त्यांचा तुझ्या भावाला शून्य उपयोग. पोरगा विष पिणार आहे हे आदल्या आठवड्यात कोणाला माहीत असतं?

उशिरा देऊन काय चालतं? मिडाझोलाम स्नायूत दिलं तर डायझेपामपेक्षा लवकर रक्तात जातं, त्याचं इंजेक्शन २०१८ मध्ये अमेरिकेत स्टेटस एपिलेप्टिकससाठी, म्हणजे न थांबणाऱ्या फिटसाठी, मंजूर झालं. पण रिसेप्टर आत गेल्याचा प्रॉब्लेम त्यालाही आहेच, कुळ तेच. म्हणून त्याच्या जोडीला केटामाइन, जे एनएमडीए बंद करतं, म्हणजे एक जण ब्रेक दाबतोय आणि दुसरा पेट्रोल तोडतोय. ही जोडी रॅट्समध्ये एकट्या मिडाझोलामपेक्षा बरीच चांगली ठरलीय. दुसरी वाट मला जास्त आवडते, न्यूरोस्टेरॉइड्स, अॅलोप्रेग्नॅनोलोन, गॅनॅक्सोलोन वगैरे. सिनॅप्सच्या, म्हणजे दोन पेशींच्या जोडाच्या, बाहेर गाबाचे दुसऱ्या प्रकारचे रिसेप्टर असतात, डेल्टा सबयुनिटवाले, मेनरोडवर शटर पडली तरी आतल्या गल्लीतली दुकानं उघडी राहावीत तसे ते टिकून राहतात, आणि ही औषधं तिथे काम करतात. डायझेपाम तिथे चालत नाही. गॅनॅक्सोलोन २०२२ पासून अमेरिकेत मुलांच्या एका दुर्मिळ एपिलेप्सीसाठी मंजूर आहे, म्हणजे हे नुसतं उंदरातलं स्वप्न नाहीये.

आणि मग फिट थांबल्यानंतरचं, जे तू विचारलंस. मेंदूचे तुकडे करून फ्लुओरो-जेड नावाचा रंग लावला की मरणाऱ्या पेशी हिरव्या चमकतात. हिप्पोकॅम्पस, अमिग्डाला, पिरिफॉर्म कॉर्टेक्स, थॅलॅमस, ठरलेल्या जागा. पहिल्यांदा मायक्रोस्कोपखाली हिप्पोकॅम्पस हिरवागार बघितला तेव्हा मी लॅबच्या बाहेर जाऊन उभा राहिलो होतो. नवीन वाट, दुकानातलं सामान, कालचं बोलणं, हे सगळं साठवण्यात त्याच जागेचा मोठा हात असतो. त्यानंतर सूज, मायक्रोग्लिया म्हणजे मेंदूतल्या राखणदार पेशी चवताळलेल्या, रक्त आणि मेंदूमधला पडदा गळका झालेला, हे दिवसच्या दिवस आणि आठवडे चालतं. आणि काही आठवड्यांनी त्या रॅटला आपोआप फिट्स यायला लागतात, विषाचा मागमूस नसताना. तुझ्या भावाचं नेमकं काय झालंय ते त्याला तपासल्याशिवाय कोणी सांगू नये, मीही नाही, पण मामी जे म्हणते त्याला प्राण्यांमधला आधार आहे एवढं नक्की. ही दुसरी लाट अडवायला सूज कमी करणारी औषधं, ईपी२ नावाच्या रिसेप्टरला रोखणारे रेणू असं बरंच चाललंय, काही तासांनी दिलं तरी थोडा फायदा दिसतो. माझ्या मते खेड्यातल्या अंतराचा विचार केला तर खरी आशा तिथेच आहे, कारण पहिले चाळीस मिनिटं आपल्या हातात कधीच नसतात.

तुझा तिसरा प्रश्न राहिला, संध्याकाळी लिहितो.

---

पांढरं_सोनं · सोमवार, संध्याकाळी ६:५०

मी शेतकऱ्याचा मुलगा, कळंबोलीला ट्रान्सपोर्टमध्ये काम करतो, मला तुमचे रिसेप्टर कळत नाहीत पण एक विचारतो. २०१७ मध्ये यवतमाळला फवारणी करताना वीसच्या आसपास माणसं गेली आणि शेकडो दवाखान्यात पडली, तेव्हा काय रॅटचा मेंदू कसा वाचवायचा हे माहीत नव्हतं म्हणून गेली का? हातमोजे नाहीत, मास्क नाही, कपाशी डोक्याएवढी वाढलेली, चायनीज पंपाचा फवारा तोंडावर, दुकानदार सांगेल ती दोन-तीन औषधं एकत्र कालवलेली. हे बंद करा ना आधी. श्रीलंकेने १९९५ मध्ये मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक बंद केलं, १९९८ मध्ये एंडोसल्फान, आणि तिथला आत्महत्यांचा दर पुढच्या दहा वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आला. शेती बुडाली का त्यांची? नाही बुडाली. आपल्याकडे एंडोसल्फान थांबायला २०११ मध्ये सुप्रीम कोर्ट लागलं, तोवर केरळच्या कासरगोडमध्ये त्याच्या फवारणीने पिढ्या गेल्या. आणि बिहारमध्ये २०१३ मध्ये शाळेच्या जेवणात मोनोक्रोटोफॉस गेलं, २३ पोरं मेली, तेलाचा डबा आणि औषधाचा डबा एकच. ताई, तुझ्या भावाचं पण तेच, बाटली. बाटलीचं झाकण लहान पोराला उघडणार नाही असं करायला कुठल्या उंदराला मारावं लागतं?

राग तुझ्यावर नाही. पण मुकं जनावर तडफडवून आपण पेपर लिहायचे आणि बाटली गोठ्यात तशीच.

---

कपाशीची_लेक · सोमवार, रात्री ९:२०

दादा तुम्ही बोललात ते सगळं खरं आहे आणि मला राग नाही आला. आमच्या घरी आता औषध कुलुपात असतं, पण गावात अजून निम्म्या घरांत बाटल्याच. फक्त ज्याने आधीच प्यायलंय त्याचं काय, हे मला सुटत नाही. बंदी आली तरी माझा भाऊ तसाच राहणार.

---

भुसा_आणि_पिंजरा · सोमवार, रात्री १०:०५

मुली, मी मुंबईतल्या एका संस्थेच्या अॅनिमल हाऊसमध्ये एकतीस वर्षं काढली, आता रिटायर होऊन डोंबिवलीला असतो. शास्त्र या पोरांनी सांगितलं, मी प्राण्यांचं सांगतो, कारण तू विचारलंस की मला जमेल का.

पहिली गोष्ट, या कामात भूल देता येत नाही. ऑपरेशन असेल तर जनावर झोपवून करता, इथे भूल दिली तर फिटच थांबते, मग बघणार काय. म्हणजे जे होतं ते होतं, आणि तू समोर असतेस. रेसिनच्या स्केलने मार्क द्यायचे असतात, तोंड हलतंय, मान डुलतेय, पुढचे पाय झटकतायत, मागच्या पायावर उभा राहिला, पडला. वहीत आकडा लिहिणं सोपं असतं, बघणं नाही. ज्याला बघवतंय आणि काहीच वाटत नाही अशा पोराला मी पिंजऱ्याजवळ फिरकू द्यायचो नाही. वाटलं पाहिजे. हात मात्र थरथरता कामा नये, कारण सुई चुकीची बसली तर त्रास त्यालाच.

दुसरं, अॅट्रोपिन आणि पाम लगेच देतात या प्रयोगात, ते बरं करायला नाही, तो श्वास थांबून मरू नये म्हणून. नाहीतर निम्मे मरतात आणि मेलेल्या प्राण्यातून काही शिकता येत नाही, फुकट गेलेला जीव तो.

तिसरं म्हणजे नंतरची सेवा. फिट होऊन गेलेला रॅट दोन-तीन दिवस खात नाही, पाणी पीत नाही, बाटलीच्या नळीपर्यंत मान उचलत नाही. त्याला कातडीखाली सलाईन द्यायचं, खाद्य पाण्यात भिजवून लगदा करून पिंजऱ्यात खालीच ठेवायचं, केळ्याचा तुकडा द्यायचा, भुसा कोरडा ठेवायचा, अंग थंड पडू द्यायचं नाही. आवाज करायचा नाही, दार आपटलं तरी त्याला पुन्हा फिट येते. रविवारी पण यायचं, पावसाळ्यात हिंदमाता चौक पाण्याने भरलेला असला तरी यायचं, मी गुडघाभर पाण्यातून गेलोय. वजन किती टक्के उतरलं की त्याला सोडवायचं, म्हणजे वेदना न देता संपवायचं, हे आधी लिहून ठेवायचं आणि त्या दिवशी लोभ धरायचा नाही, की अजून एक दिवस थांबू म्हणजे डेटा मिळेल. हा लोभ मी चांगल्या चांगल्या माणसांना झालेला बघितलाय आणि त्यावरून माझी भांडणं झालीत.

कळंबोलीच्या भाऊंना एवढंच सांगतो, तुमचं म्हणणं मला मान्य आहे, झाकणाने जेवढे जीव वाचतील तेवढे कुठल्या लॅबने वाचणार नाहीत. पण दोन्ही कामं वेगवेगळ्या माणसांची आहेत, एकाने दुसऱ्याची वाट बघायची गरज नाही. फक्त लॅबवाल्याने ही जाण ठेवावी की प्रयोग नीट आखला नाही तर तो प्राणी उगाच गेला. १९५९ पासून जगात तीन गोष्टी मानल्या जातात, प्राण्याशिवाय होत असेल तर प्राणी नको, कमीत कमी प्राणी, आणि कमीत कमी त्रास. आपल्याकडे १९६० चा कायदा आहे, १९९८ चे नियम आहेत, संस्थेची एथिक्स कमिटी आहे, तिच्यात बाहेरचा शास्त्रज्ञ आणि शास्त्राबाहेरचा एक माणूसही बसतो. त्यांना घाबरू नकोस, ते जे प्रश्न विचारतील ते तू स्वतःला आधी विचार.

---

घाटकोपरचा_न्यूरॉन · सोमवार, रात्री ११:३०

काकांचं वाचून मी जे लिहिणार होतो त्यातलं अर्धं खोडलं. एथिक्स कमिटीच्या परवानगीचा फॉर्म बी भरताना काकांची पोस्ट समोर ठेव.

आता तिसरा प्रश्न. जगात या कामाला डीएफपी नावाचं रसायन वापरतात, नाहीतर पॅराऑक्सॉन, दोन्ही ऑर्गॅनोफॉस्फेटच. कॉलेजच्या लॅबमध्ये त्याच्या मागे लागू नकोस, चांगला फ्यूमहूड, विल्हेवाटीची सोय, काही झालं तर शेजारी अॅट्रोपिन आणि ते देणारा माणूस, हे सगळं नसेल तर धोका तुलाच आहे, कातडीतून जातं ते. तुझ्या मॅडमना लिथियम-पिलोकार्पिनबद्दल विचार. पिलोकार्पिन अॅसिटिलकोलिनसारखंच रिसेप्टरवर बसतं, फिट त्याच दाराने शिरते आणि पुढे डायझेपामला तशीच दाद देईनाशी होते. एन्झाइमला मात्र ते हात लावत नाही, त्यामुळे पामबद्दल तुला एक अक्षर लिहिता येणार नाही, आणि 'कीटकनाशकावर उपाय' असं शीर्षक द्यायचं नाही. प्रामाणिकपणे 'कोलिनर्जिक फिट्समध्ये उशिरा दिलेलं अमुक' असं लिही.

हेही लक्षात ठेव की सगळीच कीटकनाशकं एका वाटेने फिट आणत नाहीत. लिंडेन, एंडोसल्फान ही मंडळी गाबाचाच क्लोराइड चॅनल बुजवतात, सायपरमेथ्रिनसारखी पायरेथ्रॉइड्स सोडियम चॅनल उघडा ठेवतात. तिथे अॅट्रोपिनचा फिटवर उपयोग नाही. गावात दुकानदाराने तीन औषधं कालवून दिलेली असतील तर कुठल्या मॉडेलने बोलणार? याला माझ्याकडे सरळ उत्तर नाही.

रॅट आणि माणूस यांच्यातला एक मोठा फरक पण सांगून ठेवतो. रॅटच्या रक्तात कार्बोक्सिलएस्टरेज नावाचं एन्झाइम भरपूर असतं, ते विष वाटेतच धरून ठेवतं. माणसाच्या रक्तात ते जवळजवळ नसतं. गिनीपिग यात माणसाच्या जास्त जवळचा. त्यामुळे रॅटचा डोस वजनाने गुणून माणसाला लावणारा कोणी भेटला तर पळ. आणि बाटलीत नुसतं विष नसतं, सॉल्व्हंटही असतं. डायमेथोएटवर मिनीपिगमध्ये काम झालंय, त्यात दिसलं की त्यातलं सायक्लोहेक्सॅनोन हे सॉल्व्हंट काढलं तर विषाचा जोर बराच उतरतो. मला हे फार महत्त्वाचं वाटतं कारण इथे पांढरं_सोनं दादांचं म्हणणं आणि लॅबचं काम एकत्र येतं, बाटलीत काय घालायचं हे कंपनीला बदलायला लावता येईल असा पुरावा प्राण्यातूनच आला.

प्रयोगाबद्दल दोनच गोष्टी, बाकी मॅडम सांगतील. शरीराचं तापमान मोज, दर वेळी. झोप आणणारी बरीच औषधं रॅटला थंड करतात आणि नुसतं थंड केल्यानेही पेशी कमी मरतात, मग तुला वाटेल औषधाने मेंदू वाचवला आणि खरं काम थंडीने केलेलं असेल. आणि माद्या पण घे, निम्म्या. बहुतेक जुने पेपर नुसत्या नरांवर आहेत, न्यूरोस्टेरॉइड तर मादीत पाळीच्या चक्राप्रमाणे आपोआप कमीजास्त होतात, तरी बघितलेलं नाही. शेतात फवारणीच्या वेळी पाणी भरून द्यायला बायकाच असतात ना?

---

कपाशीची_लेक · मंगळवार, रात्री ८:४५

आज मॅडमशी बोलले, तासभर. लिथियम-पिलोकार्पिनला त्या लगेच हो म्हणाल्या, ईईजी आमच्याकडे नाही पण दुसऱ्या एका लॅबशी बोलून बघतो म्हणाल्या, ईईजी मिळाला नाही तर विषय घ्यायचा नाही असं मीच म्हटलं. नुसतं झटके मोजून मला 'थांबली' असं लिहायचं नाहीये, रात्रपाळी ताईंचं वाचल्यापासून ते डोक्यातून जात नाहीये. औषध चाळीस मिनिटांच्या आधी द्यायचं नाही हेही ठरलं. मी म्हटलं दीड तासाचा पण एक गट ठेवू. त्यांनी 'का' असं विचारलं नाही, त्यांना माहीत आहे.

काका, मी रविवारी येईन. लिहून देते.

एक प्रश्न राहिला. भावाला आता पुढे काही करता येतं का? गावातल्या डॉक्टरांनी दिलेली गोळी चालू आहे, मधे मधे संपली की आठवडा आठवडा बंद असते, कधी वाटलं तर देतात.

---

रात्रपाळी_आयसीयू · मंगळवार, रात्री ११:५८

गोळी अशी बंद-चालू अजिबात करू नका, हे आत्ताच मामींना फोन करून सांग. एपिलेप्सीची गोळी अचानक थांबली की त्यानेच फिट येते, कदाचित ज्या दोन-तीन फिट तुम्ही मोजताय त्या याच्याच असतील. गोळी संपायच्या आठ दिवस आधी आणून ठेवायची.

मुंबईला आणणं जमत असेल तर कुठल्याही मोठ्या सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात न्यूरॉलॉजीची ओपीडी असते, लहान मुलांची वेगळी असेल तर तिथे दाखव. तेव्हाचे सगळे कागद आणा, डिस्चार्ज कार्ड, कुठलं औषध प्यायला त्या डब्याचं नाव माहीत असेल तर ते, चालू गोळीचं पाकीट. फिट आली तर एकाने मोबाईलवर शूट करायचं, आम्हाला वर्णनापेक्षा ते दहापट कामाला येतं. फिटमध्ये तोंडात चमचा, कांदा, चप्पल काही नाही, कुशीवर वळवायचं, घड्याळ बघायचं, पाच मिनिटांच्या वर गेली तर थांबायचं नाही, दवाखाना. नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे मिळतो, तो घरी ठेवायचा का ते न्यूरॉलॉजिस्टना नक्की विचार, कारण तुमच्याकडचं अंतर त्यांना माहीत नसणार, तू सांगितलंस तरच कळेल. आणि आठवणीचं, अभ्यासाचं पण सांग, त्याची वेगळी तपासणी होते, शाळेत लिहायला जास्तीचा वेळ मिळू शकतो. पाढे गेले ते मंद झाला म्हणून नाही, हे त्याला स्वतःला कोणीतरी सांगायला हवं.

---

कपाशीची_लेक · बुधवार, सकाळी ७:३०

केला फोन. मामी आधी रडली, मग म्हणाली गोळीचं मला कोणी असं सांगितलंच नव्हतं. कागद पत्र्याच्या पेटीत आहेत, डब्याचं नाव मामाला अजून पाठ आहे.

पुढच्या आठवड्यात मामा त्याला घेऊन येतोय, धामणगावहून विदर्भ एक्सप्रेसने. दादरला उतरवून घेते दोघांना.